वाळूंतील शतायुषी : गूईडक

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं तिसऱ्या वेंचणाऱ्या स्त्रिया पुष्कळ वाचकांनीं पाहिल्या असतील. तिसऱ्या त्या केवढ्या? मुठींत चार-सहा सहज मावतील एवढ्या. परंतु त्यांच्याच वर्गांतील एक दूरचा आप्त उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहतो. त्याचें वजन साधारणतः एक किलोग्रॅम, व क्वचित् तीन किलोग्रॅमहूनही अधिक भरतें. त्याचें नांव गूईडक. हा शब्द प्युजेट साउंड या आखाताकांठच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आला आहे. नांवाच्या शेवटीं 'डक' असलें तरी बदकाशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं, हें बालवाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हा प्राणी वाळूंत सुमारें एक मीटर खोल स्वतःस पुरून घेतो. शिंपल्याची लांबी साधारणतः वीस सेंटिमीटरपर्यंत; परंतु त्यांतून निघणारी मांसल नळी मीटरभर लांबूं शकते. ती इतकी मोठी असते कीं, शिंपल्यांत मावतच नाहीं. या नळींत दोन वाटा असतात. एकीनें समुद्राचें पाणी आंत येतें व दुसरीनें बाहेर जातें. त्या पाण्यांतील सूक्ष्म वनस्पति कल्ल्यांनीं गाळून हा प्राणी आपला निर्वाह करितो.

मादी एका वेळीं लक्षावधि अंडीं सोडते. पिल्लें कांहीं आठवडे प्रवाहाबरोबर तरंगून मग तळास बसतात. खेंकडे, तारामासे व चपटे मासे बहुतेकांचा फन्ना उडवितात. जीं थोडीं वांचतात तीं खोल शिरतात, आणि मग त्यांस फारसे शत्रु उरत नाहींत. मात्र मोठेपणीं त्यांचा पाय खुजा पडतो. त्यामुळें एकदां उपटलेला गूईडक पुन्हां वाळूंत शिरूं शकत नाहीं.

त्याचें वय कसें कळतें? वृक्षाच्या खोडांत जशीं वर्षावर्षाचीं वलयें पडतात, तशींच शिंपल्याच्या बिजागरीपाशींही पडतात. तीं मोजून ब्रिटिश कोलंबियांतील एका गूईडकाचें वय १६८ वर्षें ठरलें आहे. पाणी उबदार असलेल्या वर्षीं वलय रुंद होतें. म्हणून या वलयांवरून शास्त्रज्ञ गतकाळच्या समुद्राच्या तापमानाचें अनुमान करितात.

परंतु या दीर्घायुष्यांतच एक संकट दडलेलें आहे. वॉशिंग्टन राज्यांत १९७० पासून पाणबुडे पाण्याच्या जोरदार धारेनें वाळू सैल करून हे प्राणी काढतात. चीनमध्यें त्यांस मोठी मागणी आहे. १९९४ सालीं न्यायालयानें जुन्या तहांच्या आधारें मूळ रहिवाशांच्या जमातींचा निम्मा वाटा मान्य केला. मात्र एकदां काढलेल्या जागेची भरपाई होण्यास कित्येक दशकें लागतात. यास्तव तेथें दरवर्षीं साठ्याच्या शेंकडा तीनहूनही कमी भाग काढण्याची मर्यादा घातलेली आहे. शिवाय ओहोटीच्या पट्ट्यांत लहान शिंपले नळकांड्यांत लावून त्यांची शेतीही केली जाते.

आपल्या पणजोबांच्या जन्मापूर्वीं वाळूंत स्थिर झालेला जीव पाण्याच्या एका धारेसरशीं क्षणांत बाहेर येतो. जें भरून येण्यास कित्येक दशकें लागतात, तें घेतांना हात आंखडता ठेवणें, हाच येथें खरा हिशेब होय.