जुन्या गाडीची निगा, लेखांक ७ : थर्मोस्टॅटचा दोष किती?

मागच्या लेखांकात आपण इग्निशनच्या टायमिंगपाशी थांबलो होतो. टायमिंग मागे पडले की इंजिन तापते, हे खरेच; पण पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर घाटात उकळली की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो थर्मोस्टॅटवर. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही, काढून टाका’ हा सल्ला इतका रुळला आहे की कित्येक जुन्या गाड्यांत त्याची जागा रिकामीच सापडते. माझ्या मते हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास उघडू लागणारी ही झडप तापमानाची खालची मर्यादा राखते. ती पूर्ण उघडली की पाण्याला फारशी अडवत नाही. तिथून पुढे गाडी किती तापेल हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि रेडिएटरची कॅप ठरवतात. त्यामुळे खंबाटकीच्या चढावर लाल पट्ट्याकडे निघालेला काटा थर्मोस्टॅट काढून सहसा खाली येत नाही. आलाच, तर थर्मोस्टॅट अडकला होता एवढेच सिद्ध होते. तो बदलायला हवा होता, हद्दपार करायला नव्हे.

काढल्याचे नुकसान मात्र काट्यावर दिसत नाही. इंजिन बराच वेळ थंड राहिले की पेट्रोलचा काही भाग वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेतो, ऑइलमध्ये उतरलेले पाणी उडून जात नाही आणि तळाशी चिकट गाळ साचतो. काही इंजिनांत उघडणारा थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो नसला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच पंपाकडे परततो आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅटच्या बाजूने बोलणारे एक लंगडे कारणही देतात : तो नसला तर पाणी इतक्या वेगाने वाहते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हे खरे नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा रेडिएटरमधून फिरते, आणि वेग वाढला की उष्णता जास्तच निघते. बाजू बरोबर असली म्हणून पुरावा कसाही चालतो असे नाही.

मेणाचा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकू शकतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जुना बेलोचा प्रकार फुटला तर बहुधा उघडा राही, मेणाच्या प्रकारात तशी खात्री नाही. पण वस्तू स्वस्त आहे आणि तपासणी घरच्या गॅसवर होते : पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह टांगून ठेवा आणि त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडतो का ते पाहा.

मग गाडी तापते कशाने? ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापत असेल तर संशय हवेवर घ्यावा : सैल फॅनबेल्ट, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि किडे. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल तर पाण्याच्या वाटेवर. दख्खनच्या बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की नळ्यांना आणि ब्लॉकला आतून क्षार धरतात, आणि हा थर धातूपेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहून नेतो. शिवाय बिडाच्या ब्लॉकचा गंज मागच्या सिलिंडरभोवती तळाला बसतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडूनही पाणी येत नसेल, तर तार घालून पाहावे. रेडिएटर नवा करून ब्लॉक तसाच ठेवणे म्हणजे अर्धेच काम. ‘साधे पाणीच सर्वांत चांगले’ म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे मान्य करायला हवे : निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता नेते. पण ते गंज रोखत नाही. आपल्याकडे बर्फाची भीती नसल्याने मिश्रण निम्मे-निम्मे नसले तरी भागते. गंजरोधक असलेले एक तृतीयांश कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर पुरते. कॅपकडे कोणी पाहत नाही, आणि तिचेच रबर आधी कडक होते. ७ पौंडांची कॅप धड असेल तर समुद्रसपाटीला साधे पाणी सुमारे १११ अंशांवर उकळते. रबर गेले तर १०० वर, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर त्याच्याही ४-५ अंश खाली. नवी कॅप मात्र कंपनीने ठरवलेल्या दाबाचीच घ्यावी. जास्त दाबाची लावली तर जुन्या रेडिएटरचे झाळलेले सांधे सुटू लागतात.