विश्लेषण : लाइट रोस्ट कॉफी आंबट का लागते? ती चांगली की बिघडलेली, कसे ओळखाल?

दूध-साखरेच्या कॉफीची सवय असलेल्याने लाइट रोस्टची काळी कॉफी पहिल्यांदा प्यायली, की बहुतेकदा एकच प्रतिक्रिया येते, ‘ही तर आंबट आहे!’ नेहमीच्या पावडरीपेक्षा महाग असलेली पिशवी मग कपाटात पडून राहते. पण हा आंबटपणा दरवेळी दोषच असतो का?

लाइट रोस्ट म्हणजे काय?

कॉफीची हिरवी बी भाजताना साधारण १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास पॉपकॉर्नसारखी तडतडते. याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. त्यानंतर थोड्याच वेळात भाजणे थांबवले, की लाइट रोस्ट तयार होतो. आणखी भाजत राहिल्यास बी काळपट, तेलकट होते आणि कडवटपणा वाढतो.

आंबटपणा कुठून येतो?

लिंबातले सायट्रिक आणि हिरव्या सफरचंदातले मॅलिक आम्ल कॉफीच्या बीमध्येही असते. जास्त भाजल्यावर ही आम्ले कमी होतात, लाइट रोस्टमध्ये बरीच टिकतात.

‘क्लीन’ आणि ‘बॅलन्स्ड’ म्हणजे काय?

स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या १०० गुणांच्या पारंपरिक चाचणीत या दोन्हींना स्वतंत्र गुण असतात. एकाच कॉफीचे पाच कप चाखले जातात. पहिल्या घोटापासून नंतर रेंगाळणाऱ्या चवीपर्यंत माती, बुरशी किंवा आंबल्याचा वास नसेल, तर कप ‘क्लीन’. आंबट, गोड आणि दाटपणा यांपैकी कोणीही वरचढ नसेल, तर ‘बॅलन्स्ड’. लिंबू सरबत आंबट असूनही कोणी तक्रार करत नाही, कारण त्यात साखर-मिठाचा मेळ असतो. इथेही तसेच.

किंमत जास्त का?

गडद भाजलेल्या कॉफीत कच्च्या किंवा आंबलेल्या बियांची चव कडवटपणाखाली बरीचशी झाकली जाते. लाइट रोस्टमध्ये ती लपत नाही. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने चिकमगळूर, कोडगूच्या मळ्यांत पिकलेलीच फळे वेचायची तर मजुरांना त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. ही मजुरी किमतीत धरलेली असते.

घरी काय तपासाल?

• १५ ग्रॅम कॉफीला २५० मिली पाणी घ्या. पाणी ९२ ते ९६ अंशांवर असावे.
• चव बोचरी आंबट आणि पातळ लागली, तर कॉफी पुरेशी उतरलेली नाही. बी थोडी बारीक दळा.
• कडू, तुरट लागली तर जाडसर दळा.
• थोडी निवल्यावर पुन्हा चाखा. गोडवा तेव्हा जास्त कळतो, आणि दोषही.

दळण बदलल्यावर आंबटपणाला गोडव्याची साथ मिळाली, तर कॉफी चांगली आहे. निवल्यावरही मातकट किंवा कुबट वास येत राहिला, तर दोष बीमध्येच आहे. ती पिशवी पुन्हा घेऊ नका.