खाडीकाठचे तिवर आणि आपला ओढा



आपल्या भागाचे आणि नवी मुंबईचे नाते जुने आहे. घाटावरचा कांदा, भाजीपाला, गूळ वाशी-तुर्भ्याच्या बाजारात उतरतो. मुंबईतला घाऊक बाजार खाडीपलीकडे हलला, तशी सातारा-सांगलीकडची माथाडी मंडळीही कोपरखैरणे, घणसोलीकडे राहायला गेली. आज आपल्यापैकी कित्येकांचा भाऊ, पुतण्या, जावई तिकडे आहे. पावसाळ्यात खाडीला उधाण येणार अशी बातमी आली की इकडे घरातली म्हातारी माणसे लगेच फोन लावायला सांगतात. म्हणून त्या शहराची पाण्याशी कशी गाठ आहे, हे या अंकात सांगावे असे आम्ही ठरविले. त्यात आपल्याही शिवाराच्या कामाचे पुष्कळ आहे.

नवी मुंबई वसविण्यासाठी 1970 साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन या शहराच्या आखणीत आली. त्यात भातखाचरे होती, मिठागरे होती, खाजणे होती. यातली बरीच जमीन एवढी सखल की मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचे पाणी तिच्यापेक्षा उंच चढते. आगरी-कोळी शेतकऱ्याला यात नवीन काही नव्हते. मातीचा बांध घालून तो खारे पाणी बाहेर ठेवी, आणि बांधात उघाडी बसवी. भरतीला उघाडीचे दार बाहेरच्या पाण्याच्या जोराने आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. बांधाला खांड पडली तर सारा गाव रात्री-अपरात्री चिखल घेऊन धावे. बांध सगळ्यांचा, म्हणून राखणही सगळ्यांची. सहकार तो हाच.

शहर उभारताना इंजिनिअरांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. समुद्रसपाटीखाली नांदणाऱ्या हॉलंड देशाच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. भरती असताना जोराचा पाऊस आला, तर नाल्यांचे पाणी या तलावांत थांबते. तोपर्यंत झडपा मिटलेल्या असतात. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. थोडक्यात, पावसाच्या पाण्याला चार-सहा तास बसायला दिलेली ही ओसरी आहे. ती भरून गेली तर पाणी घरात शिरणार, हे उघड आहे.

तलावांच्या बाहेर, खाडीच्या कडेला उभे आहे तिवरांचे रान. सरकारी भाषेत कांदळवन. पूर्वी लोक त्याला चिखलातले झुडूप म्हणून सरपणासाठी तोडीत. भराव टाकणाऱ्यांच्या लेखी तर त्याला काहीच किंमत नव्हती. पण त्याचे काम पाहा. तिवराची श्वासमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. त्यांच्यात शिरलेल्या लाटेचा जोर मोडतो, गाळ खाली बसतो आणि काठ धरून राहतो. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात; दिवाळे, सारसोळेच्या कोळ्यांची जाळी त्यावरच भरतात.

आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. झाड हवेतला कर्ब घेऊन पाने, लाकूड, मुळे बनविते. शेतात पाला कुजला की त्यातला बराचसा कर्ब परत हवेत जातो. खाजणातल्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिथे तो फार सावकाश कुजतो आणि कर्ब शेकडो वर्षे गाळाखाली गाडलेला राहतो. कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवेत जो कर्ब सोडला, त्यानेच पृथ्वी तापते आहे. 1901 पासून 2018 पर्यंत जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत वाढली. जो समुद्र वर चढतो आहे त्याला अडविणारे आणि ज्या कर्बामुळे तो चढतो त्यातला थोडा पोटात घेणारे, असे हे दुहेरी कामाचे झाड आहे. निसर्गाकडूनच हवामानावर उतारा घ्यावा असे आता जगभर बोलले जाते, त्याचा अर्थ एवढाच.

ही किंमत आपल्याला उशिरा कळली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीवर बंदी घातली, आणि 2018 साली अंतिम निकालात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. लोकहिताच्या कामासाठीदेखील आता न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. 2012 साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला. 2015 साली ठाणे खाडीचा सुमारे 1,690 हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, आणि 2022 साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेली. खाडीकाठच्या गावकऱ्यांनी खेकडेपालन, मत्स्यपालन यांतून चार पैसे मिळवावेत म्हणून 2017 साली अनुदानाची योजनाही आली. राखणाऱ्याच्या पदरात काही पडले तरच राखण टिकते, हे आपण कारखानदारीत शिकलोच आहोत.

तरी सगळे सुरळीत आहे असे समजू नये. विमानतळासाठी तिथे कांदळवनाची जमीन गेली, नदीचा प्रवाह वळवावा लागला. 2024 साली नेरूळच्या एका तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाली, तलाव सुकला आणि त्या हंगामात फ्लेमिंगो पक्षी मेले. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. धारण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला आणि त्या गाळावर तिवरेच उगवली. गाळ काढावा तर झाडे जातात, झाडे ठेवावी तर पाण्याची ओसरी आखडते. आमच्या मते यात झाडाचा दोष नाही. दरसाल गाळ निघाला असता तर तिथे झाड उगवलेच नसते. विहिरीच्या बांधकामात उंबर उगवला तर आपण झाडाला बोल लावीत नाही. विहिरीकडे लक्ष नव्हते असे म्हणतो. खाडीकाठी तिवर हवे, तलावात मोकळी जागा हवी. दोन्ही हवीत, आणि दोन्हींची निगा हवी.

आता आपल्या शिवारात या. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. 2019 आणि 2021 साली कृष्णा-पंचगंगेच्या पुराने काय केले ते आपण पाहिले आहे. आपल्याकडे खाडी नाही, पण ओढा आहे. त्याच्या काठचा लव्हाळा, निर्गुडी, करंज, बांबू यांनी तिवराचेच काम केले: पाण्याचा जोर मोडला, माती धरली. चार सऱ्या जास्त मिळाव्यात म्हणून आपणच तो काठ नांगरला. काही ठिकाणी ओढा नकाशावर आहे आणि जागेवर ऊस आहे! मग पाणी उसातूनच वाट काढते, आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध फुटतो. निचरा बुजला की पाणी साचते, पाठोपाठ जमीन क्षारपड होते. चार सऱ्यांच्या लोभात चार एकर गेल्याची उदाहरणे नदीकाठी शोधावी लागत नाहीत.

कर्बाचा हिशेबही तोच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते. काडी लावली की तासाभरात त्याचा धूर होतो. तेच खोडव्यात सरीआड ठेवून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, तर रानात खत होते, ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी लागतात. हे सारे काही रानात कायम राहत नाही, हे खरे; पण दरसाल घातले तर जमिनीचा कस वाढत जातो.

तेव्हा सभासदांना आमची दोन गोष्टींची विनंती आहे. तोडणी झाल्यावर पाचटाला काडी लावू नका. टोळीतल्या कुणी लावत असेल तर थांबवा. आणि पावसाळ्यापूर्वी शेजारच्या चार सभासदांना घेऊन आपल्या हद्दीतला ओढा एकदा वरून खालपर्यंत चालून पाहा. कुठे बुजला, कुठे वळविला, ते ध्यानात येईल. सरीचा प्रश्न एकट्याचा असतो, ओढ्याचा सगळ्यांचा. त्याचा काठ सोडायचा तर एकट्याने सोडून भागत नाही, दोन्ही तीरांनी सोडावा लागतो. असे ठरविणाऱ्या गटांनी आपल्या गट कार्यालयात शेतकी खात्याकडे नावे द्यावीत, आणि गावच्या बैठकीत हा विषय जरूर काढावा.