पॅच आला, आता काय? झॅबिक्स अपडेट करायच्या आधी हे वाचा

जालन्यात स्टील असो, बियाणं असो की साधं होलसेल दुकान, बिलिंगचा सर्व्हर बसला की धंदाच थांबतो. म्हणून आपण झॅबिक्स लावतो. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, डिस्क भरत आली की मेसेज येतो. पण राखणदाराच्याच दाराला कडी नसेल तर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये झॅबिक्समधला एक बग जाहीर झाला. गंभीरता १० पैकी ९.९! एपीआयची परवानगी असलेला साधा युजर ॲडमिनचे अधिकार मिळवू शकत होता. पण दुरुस्ती ६.०.३२, ६.४.१७ आणि ७.०.१ मध्ये आधीच आली होती. ज्यांनी वेळेवर अपडेट केलं, ते बातमी यायच्या आधीच सुटले. बग फ्रंटएंडमध्ये होता, म्हणजे नुसतं सर्व्हरचं पॅकेज बदलून भागत नाही.

क्रम लिहून घ्या:

१. झॅबिक्स सर्व्हर बंद करा. डेटाबेस आणि कॉन्फिग फाइलचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या.

२. सर्व्हर आणि फ्रंटएंड, दोन्ही एकाच व्हर्जनवर आणा.

३. चालू करून लॉग वाचा. एरर दिसली तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशानं सुटलं ते कळत नाही.

४. एका टेस्ट मशीनवरचा एजंट मुद्दाम बंद करा. नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये साधारण ३ मिनिटांनी अलर्ट येतो. तो आला तरच काम झालं समजा.

आणि हो, २० तारखेच्या जीएसटीच्या गडबडीत हे करू नका. दुकान बंद झाल्यावर, निवांत करा.