विश्लेषण : ना निवडणूक, ना सिनेटची मंजुरी... तरीही अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर सल्लागारांची पकड कशी?

जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीमार्गे पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचे पोट बिघडले असून ते थंड हवेच्या ठिकाणी विश्रांती घेत आहेत, असे पत्रकारांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात किसिंजर पाकिस्तानी विमानाने बीजिंगला पोहोचले होते. दोन दशके तुटलेल्या अमेरिका-चीन संबंधांची गाठ पुन्हा बांधली गेली ती या गुप्त दौऱ्यात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते या आखणीपासून दूर ठेवण्यात आले होते. किसिंजर यांनी कधी निवडणूक लढवली नव्हती, त्यांच्या नियुक्तीवर सिनेटमध्ये मतदानही झाले नव्हते. मग जगाचे राजकारण बदलणारा हा अधिकार त्यांच्याकडे आला कुठून? आणि असे सल्लागार पद सोडून गेले तरी त्यांनी आखून दिलेली वाट पुढे का चालू राहते?

ही पद्धत सुरू कधी झाली?

‘सुरक्षा सल्लागार’ हे पद नव्हते तेव्हाही अध्यक्षांच्या कानाशी लागलेली माणसे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अध्यक्ष वूड्रो विल्सन यांचा सर्वाधिक विश्वास होता टेक्सासच्या एडवर्ड हाऊस यांच्यावर. त्यांना सगळे ‘कर्नल’ म्हणत, पण ती मानाची उपाधी होती, लष्कराशी तिचा संबंध नव्हता. सरकारात पद नसताना ते युरोपच्या राजधान्यांमध्ये विल्सन यांच्या वतीने बोलणी करत.

दुसऱ्या महायुद्धात हीच जागा हॅरी हॉपकिन्स यांनी घेतली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हे सहकारी १९४० पासून तीन वर्षांहून अधिक काळ व्हाइट हाऊसमध्येच मुक्कामाला होते. जानेवारी १९४१ मध्ये ते लंडनला जाऊन विन्स्टन चर्चिल यांना भेटले, जुलैअखेरीस मॉस्कोत जोसेफ स्टॅलिन यांना. तेव्हा त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते. तरीही हॉपकिन्स यांच्याशी बोलणे म्हणजे रूझवेल्ट यांच्याशीच बोलणे, हे दोन्ही नेत्यांना ठाऊक होते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. अध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री अशांनी एकत्र बसून निर्णय घ्यावेत, हा हेतू. गंमत अशी की त्या कायद्यात राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचा उल्लेखच नव्हता. परिषदेचे कामकाज पाहण्यासाठी कार्यकारी सचिवाची तेवढी तरतूद होती. सल्लागाराचे पद १९५३ मध्ये अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी निर्माण केले आणि त्यावर बोस्टनचे बँकर रॉबर्ट कटलर यांना नेमले.

परराष्ट्रमंत्र्याला सिनेटच्या समितीसमोर प्रश्नांना तोंड द्यावे लागते, मतदानातून मंजुरी मिळवावी लागते आणि पदावर आल्यावरही अमेरिकी काँग्रेसला उत्तरे द्यावी लागतात. सल्लागाराला यातले काहीच लागू नाही. अध्यक्षांनी नेमले की नेमले आणि काढले की काढले. त्याने अध्यक्षांना दिलेला सल्ला गोपनीय मानला जातो, त्यामुळे तो सहसा काँग्रेससमोर साक्ष देत नाही. कोंडोलिझा राइस यांनी एप्रिल २००४ मध्ये ९/११ हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर शपथेवर जाहीर साक्ष दिली, पण त्याआधी व्हाइट हाऊसने बरेच दिवस नकारच दिला होता.

मग ताकद येते कुठून?

थोडक्यात सांगायचे तर अंतरातून. परराष्ट्रमंत्र्यांचे कार्यालय दुसऱ्या इमारतीत, सल्लागार मात्र अध्यक्षांपासून काही पावलांवर. १९६१ मध्ये क्युबातील ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम फसल्यावर जॉन केनेडी यांना खात्यांकडून गाळून येणाऱ्या माहितीचा भरवसा उरला नाही. त्यांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी शेजारच्या इमारतीतून थेट व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमध्ये आले आणि तिथेच ‘सिच्युएशन रूम’ उभी राहिली. परराष्ट्र, संरक्षण आणि गुप्तचर खात्यांच्या तारा आता अध्यक्षांच्या दाराशी येऊ लागल्या. कोणता कागद अध्यक्षांपुढे आधी जाणार आणि त्यावर कोणते पर्याय लिहिलेले असणार, हे ठरवणारा माणूस म्हणजे सल्लागार.

याचा परिणाम चार वर्षांत दिसला. फेब्रुवारी १९६५ मध्ये बंडी व्हिएतनाममध्ये असताना प्लेइकू येथील अमेरिकी तळावर हल्ला झाला. उत्तर व्हिएतनामवर सतत बॉम्बफेक करावी, अशी शिफारस करणारे टिपण त्यांनी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दिले. निर्णय अर्थातच जॉन्सन यांचा होता. मार्चमध्ये ‘रोलिंग थंडर’ मोहीम सुरू झाली. बंडी १९६६ मध्ये पद सोडून गेले. बॉम्बफेक १९६८ पर्यंत सुरू राहिली.

भारताला याची झळ कशी बसली?

किसिंजर यांच्या बीजिंग भेटीची किंमत पूर्व पाकिस्तानातील लोकांनी मोजली. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. तेथील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला तार पाठवली. आपल्या सरकारच्या मौनाशी उघड असहमती दाखवणाऱ्या त्या तारेवर २० अमेरिकी अधिकाऱ्यांची नावे होती. म्हणजे परराष्ट्र खात्याची यंत्रणा आपले काम चोख करत होती.

पण चीनशी गुप्त संपर्क ज्यांच्यामार्फत सुरू होता, ते होते पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान. ही बाब ढाक्यातील अधिकाऱ्यांना माहीतच नव्हती. एप्रिलअखेरीस किसिंजर यांनी पर्यायांचे टिपण अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यापुढे ठेवले आणि निक्सन यांनी त्यावर स्वहस्ते शेरा मारला : याह्यांवर सध्या दबाव आणू नका. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली.

दुरावा भरून काढायला वेळ लागला. ऑक्टोबर १९७४ मध्ये किसिंजर दिल्लीत आले, तेव्हा ते परराष्ट्रमंत्रीही झाले होते. भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि किसिंजर यांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या.

परराष्ट्रमंत्री आणि सल्लागार यांच्यात संघर्ष झाला तर?

बहुतेक वेळा जवळचा माणूस जिंकतो. जिमी कार्टर यांच्या काळात परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स वाटाघाटींच्या बाजूचे होते, तर सल्लागार झ्बिग्नियेव ब्रेझिन्स्की सोव्हिएत संघाबाबत कठोर भूमिकेचे. इराणमध्ये ओलीस ठेवलेल्या अमेरिकी नागरिकांच्या सुटकेसाठी लष्करी मोहीम काढायचे एप्रिल १९८० मध्ये ठरले, त्या बैठकीच्या वेळी व्हॅन्स सुट्टीवर होते. परतल्यावर त्यांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. मोहीम वाळवंटातच फसली, आठ अमेरिकी सैनिक मरण पावले आणि व्हॅन्स यांनी राजीनामा दिला. ब्रेझिन्स्की पदावर कायम राहिले.

याला मर्यादा कधी आल्या का?

सर्वांत मोठा धक्का इराण-कॉन्ट्रा प्रकरणाने दिला. रोनाल्ड रेगन यांच्या काळात इराणला गुपचूप शस्त्रे विकण्यात आली आणि त्यातला पैसा निकाराग्वातील कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवण्यात आला. या बंडखोरांना लष्करी मदत देण्यास काँग्रेसने बंदी घातली होती. सल्ला देण्यासाठी नेमलेले सुरक्षा परिषदेचे कर्मचारीच ही मोहीम चालवत होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये प्रकरण फुटले आणि सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर यांना जावे लागले.

चौकशीसाठी नेमलेल्या टॉवर आयोगाने फेब्रुवारी १९८७ मध्ये अहवाल दिला. सल्लागाराने मोहिमा चालवू नयेत, सर्व खात्यांची मते अध्यक्षांपुढे प्रामाणिकपणे मांडावीत, असे आयोगाने बजावले. मात्र या पदासाठी सिनेटची मंजुरी सक्तीची करू नये, असेही त्याच आयोगाने सुचवले. अध्यक्षांना मोकळेपणाने सल्ला देणारा माणूस हवा आणि मंजुरीमुळे सल्लागार हा दुसरा परराष्ट्रमंत्रीच होऊन बसेल, हा त्यामागचा युक्तिवाद. या आयोगाचे एक सदस्य होते ब्रेंट स्कोक्रॉफ्ट. पुढे थोरल्या बुश यांच्या काळात तेच सल्लागार झाले आणि सर्व बाजू अध्यक्षांपर्यंत पोहोचवणारा सल्लागार कसा असावा, याचे उदाहरण म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते.

पद गेल्यावरही प्रभाव का टिकतो?

पहिले कारण म्हणजे शिष्यपरंपरा. किसिंजर यांच्या हाताखाली काम केलेले अलेक्झांडर हेग आणि लॉरेन्स ईगलबर्गर पुढे परराष्ट्रमंत्री झाले. २००३ मध्ये इराकचा कारभार पाहायला गेलेले पॉल ब्रेमर हेही एकेकाळी किसिंजर यांचे सहायक. ब्रेझिन्स्की यांच्या विद्यार्थिनी मॅडलिन अल्ब्राइट परराष्ट्रमंत्री झाल्या आणि स्कोक्रॉफ्ट यांच्या चमूतील राइसही.

दुसरे कारण म्हणजे ओळखी. किसिंजर यांनी १९८२ मध्ये सल्लागार कंपनी काढली. १९७७ नंतर त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते, तरी जुलै २०२३ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी ते बीजिंगला गेले तेव्हा खुद्द शी जिनपिंग यांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

अर्थात या प्रभावाला अध्यक्षांचे दार उघडे असावे लागते. ऑगस्ट २००२ मध्ये स्कोक्रॉफ्ट यांनी इराकवर हल्ला करू नका, असा जाहीर लेख लिहिला. धाकट्या बुश यांनी तो मानला नाही आणि मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले.

ट्रम्प यांच्या काळात काय बदलले?

पदापेक्षा व्यक्तिगत नाते मोठे झाले. पहिल्या कार्यकाळात डोनाल्ड ट्रम्प यांचे जावई आणि सल्लागार जॅरेड कुश्नर यांनी २०२० च्या अब्राहम करारांमध्ये मध्यवर्ती भूमिका बजावली. दुसऱ्या कार्यकाळात सल्लागार माइक वॉल्ट्झ यांना मे २०२५ मध्ये हटवण्यात आले आणि परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांच्याकडेच त्या पदाचा प्रभार आला. किसिंजर यांच्यानंतर दोन्ही पदे एका व्यक्तीकडे येण्याची ही पहिलीच वेळ.

यामुळे सूत्रे सिनेटने मंजूर केलेल्या मंत्र्याकडे परत आली, असे वाटू शकेल. पण त्याच वर्षी व्लादिमीर पुतिन यांच्याशी बोलणी करायला वारंवार गेले ते स्टीव्ह विटकॉफ. बांधकाम व्यवसायातले ट्रम्प यांचे जुने मित्र. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझातील शस्त्रसंधीच्या वाटाघाटींत त्यांच्यासोबत कुश्नर होते, तेही सरकारी पद नसताना. विल्सन यांच्या काळातील ‘कर्नल’ हाऊस यांच्याशी हे चित्र बरेच जुळते.

भारतासाठी यात धडा काय?

भारतातही हे पद आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये ब्रजेश मिश्रा पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. इथेही संसदेची मंजुरी लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये अजित डोभाल आणि जेक सुलिव्हन या दोन सल्लागारांनी वॉशिंग्टनमध्ये संवेदनशील आणि उदयोन्मुख तंत्रज्ञानातील सहकार्याचा उपक्रम सुरू केला. चिपपासून जेट इंजिनपर्यंतचे विषय त्यामुळे थेट वरच्या पातळीवर हाताळले गेले. असा मार्ग वेगवान असतो, पण तो माणसांवर अवलंबून असतो. जानेवारी २०२५ मध्ये सुलिव्हन पायउतार झाले आणि पुढच्याच महिन्यात ट्रम्प-मोदी भेटीत तंत्रज्ञान सहकार्याची नव्या नावाने घोषणा झाली.

सल्लागार चुकला तर मतदार त्याला पाडू शकत नाहीत आणि सिनेट त्याला अडवू शकत नाही. जबाबदारी अध्यक्षांची, पण अध्यक्षही चार किंवा आठ वर्षांनी जातात. १९७१ मध्ये ढाक्याहून आलेली तार योग्य माणसांनी, योग्य वेळी पाठवली होती. ती वॉशिंग्टनला पोहोचलीही. पण अध्यक्षांच्या शेजारच्या खोलीत तोवर दुसराच हिशेब मांडला गेला होता. म्हणूनच अमेरिकेच्या नव्या सरकारचा अंदाज घेताना परराष्ट्रमंत्री कोण, यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : अध्यक्षांच्या खोलीतून शेवटी बाहेर पडणारा माणूस कोण?