सहापैकी एकाला वंध्यत्वाचा अनुभव. उपचारांपर्यंत पोहोचते कोण?

शहरातील एखाद्या खासगी वंध्यत्व निवारण केंद्राच्या प्रतीक्षागृहात डोकावल्यास तेथे बसलेली दाम्पत्ये बहुधा तिशी ओलांडलेली, नोकरदार आणि बऱ्यापैकी कमावती दिसतात. त्यावरून एक समज रूढ झाला आहे. वंध्यत्व हा उशिरा लग्न करणाऱ्या, करिअरच्या मागे लागलेल्या शहरी माणसांचा प्रश्न असून गरिबाघरी मुलांना काय तोटा, असा तो समज. प्रतीक्षागृहात कोण बसले आहे, हे पाहून केलेले हे अनुमान आहे. जे तेथवर पोहोचतच नाहीत, त्यांची गणती त्यात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण १७.८ टक्के, तर मध्यम आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत १६.५ टक्के आहे. फरक जेमतेम एका टक्क्याचा. मूल होण्यातील अडचण श्रीमंती-गरिबी पाहून येत नाही, एवढे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

व्याख्येनुसार आकडा बदलतो

कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता बारा महिने नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. हा कालावधी सरला म्हणजे मूल होणारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. वर्षभरात यश न आलेल्या अनेक जोडप्यांना दुसऱ्या वर्षी कोणत्याही उपचाराविना दिवस जातात. तपासणी कधी सुरू करावी, हे ठरविण्यापुरती ती एक रेषा आहे.

वृत्तपत्रांतून निरनिराळे आकडे वाचायला मिळतात, त्याचे कारणही येथेच सापडते. आयुष्यात कधी तरी अडचण आली का, असे विचारले तर उत्तर मोठे येते. सध्या अडचण आहे का, असे विचारले तर लहान. लोकसंख्याशास्त्रज्ञ पाच वर्षांची मुदत धरतात आणि मग आकडा आणखी आक्रसतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७७ सर्वेक्षणांवर आधारित एका अभ्यासाने ही पाच वर्षांची कसोटी लावली, तेव्हा २०१० साली जगात सुमारे ४ कोटी ८५ लाख वंध्य दाम्पत्ये असल्याचा अंदाज निघाला.

त्याच अभ्यासातील एक बाब फारशी चर्चेत येत नाही. पहिलेच मूल होऊ न शकलेल्या स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के होते, तर एक मूल झाल्यावर दुसरे हवे असूनही न झालेल्यांचे प्रमाण १०.५ टक्के होते. म्हणजे ज्यांना कोणी वांझ म्हणत नाही, अशा घरांतच हा प्रश्न अधिक आहे. बाळंतपणात किंवा गर्भपातात स्वच्छता न राखल्याने झालेला जंतुसंसर्ग आणि त्यामुळे बंद झालेल्या गर्भनलिका हे त्यामागील एक प्रमुख कारण. भारतात त्यात जननेंद्रियांच्या क्षयरोगाची भर पडते. क्षयाचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकेपर्यंत जातात आणि बाहेर कोणतेही लक्षण न दाखवता ती निकामी करतात. अस्वच्छ बाळंतपण आणि क्षय हे काही उशिरा लग्न करणाऱ्यांचे आजार नव्हेत. वय वाढल्यावर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता घटते, हे खरेच. पण ते अनेक कारणांपैकी एक आहे.

मदत मागतात, मिळत नाही

पैसा आणि शिक्षण नसलेली माणसे उपचारांचा विचारच करीत नाहीत, हा दुसरा गैरसमज. २००७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून पाहिल्या. विकसित देशांत वंध्यत्वाने ग्रासलेल्यांपैकी सरासरी ५६ टक्के वैद्यकीय सल्ला घेतात, तर विकसनशील देशांत ५१ टक्के. मूल हवे ही तळमळ दोन्हीकडे सारखीच. प्रत्यक्ष उपचार मिळणाऱ्यांचे प्रमाण मात्र २२ टक्क्यांच्या आसपास भरले. निम्म्याहून अधिक लोक दार ठोठावतात आणि त्यातील बहुतेक रिकाम्या हाताने परततात.

भारतात २००७-०८ च्या जिल्हास्तरीय कुटुंब सर्वेक्षणात हा विषय प्रथमच स्वतंत्रपणे विचारला गेला. विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांनी अडचण असल्याचे सांगितले आणि त्यांतील सुमारे ८० टक्के स्त्रियांनी काही ना काही उपचार केले होते. पण त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग आधुनिक वैद्यकाबाहेरच्या, पारंपरिक उपायांचा होता. कूस उजवावी म्हणून नवससायास, गंडेदोरे आणि गावठी औषधे यांत वर्षे निघून जातात. पुढे दवाखान्याची पायरी चढेपर्यंत वय वाढलेले असते.

या उशिराला आणखी एक कारण आहे आणि ते घरातच असते. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोषाचा पूर्णतः वा अंशतः वाटा असतो. तरीही पहिली तपासणी सुनेची, दुसरीही तिचीच. सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, नलिका तपासण्यासाठीचा एक्स-रे, प्रसंगी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया एवढे सारे तिच्या वाट्याला येऊन जाते आणि मगच केव्हा तरी नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय निघतो. वास्तविक ही तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त. त्यासाठी टोचावे लागत नाही की कापावे लागत नाही. अडते ते प्रतिष्ठेपाशी. शुक्रजंतूंची संख्या फार कमी असली, तरी एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. या पद्धतीने पहिले मूल १९९२ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले.

प्रश्न पैशाचा

प्रत्येकाला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ची गरज नसते. थायरॉइडचा बिघाड, बीजकोषातून बीज न सुटणे अशा तक्रारी कमी खर्चाच्या गोळ्यांनीही आटोक्यात येऊ शकतात. नलिका दोन्ही बाजूंनी बंद असतील किंवा साधे उपाय थकले असतील, तर मात्र प्रयोगशाळेतील गर्भधारणेचाच मार्ग उरतो. खासगी केंद्रात त्याच्या एका आवर्तनाचा खर्च सहज लाखाच्या वर जातो आणि एका आवर्तनात यश येईलच असे नाही. पस्तिशीच्या आतील स्त्रियांतही दर तीन प्रयत्नांमागे साधारण एकच यशस्वी होतो. चाळिशीनंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. जाहिरातींतील गोंडस बाळांच्या छायाचित्रांखाली हा हिशेब छापलेला नसतो.

वंध्यत्वावरील उपचार आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत समाविष्ट नसतात. काही कंपन्यांनी जादा हप्ता घेऊन मर्यादित संरक्षण देऊ केले आहे, पण ते ज्यांना परवडते त्यांच्यापुरतेच. त्यामुळे दागिने मोडून, जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून उपचार घेणे अनेक कुटुंबांच्या नशिबी येते.

या तंत्राची भारतातील वाटचाल आठवली, तर हे चित्र अधिकच खटकते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्ये, जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या काही आठवड्यांत, हा प्रयोग यशस्वी केला होता. त्यांच्या हयातीत त्याला मान्यता मिळाली नाही. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून शास्त्रीय नोंदी असलेले देशातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आले. ते जन्मले परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात. नंतरच्या काळात मात्र हे शास्त्र मुख्यतः खासगी केंद्रांतच फोफावले. सार्वजनिक रुग्णालयांतील अशा सुविधा आजही मोजक्या आहेत. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हे उपचार मोफत देण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली, यातच सारे आले.

केंद्रांवर अंकुश ठेवणारा कायदा २०२१ मध्ये संमत होऊन जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक केंद्राला आणि बीजपेढीला नोंदणी सक्तीची आहे. उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५०, तर पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. केंद्र निवडताना नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. कायद्याने केंद्रांना शिस्त लावली. दर किती असावेत, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, याचे उत्तर सोपे आहे. पत्नीचे वय पस्तीसच्या आत असेल तर वर्षभराच्या प्रयत्नांनंतर, त्यापुढे असेल तर सहा महिन्यांनंतर. मासिक पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षय झाला असेल किंवा पतीला वयात आल्यानंतर गालगुंडामुळे अंडकोषाला सूज आली असेल, तर तेवढेही थांबू नये. आणि पहिल्याच भेटीला दोघांनी जावे.