टिटवी कोणावर ओरडते?

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात कुत्रा फिरवायचा म्हणजे स्कूटर, गाई आणि गल्लीतल्या दादा कुत्र्यांमधून वाट काढायची. म्हणून रविवारी आमची स्वारी गाडीत बसून तिघरा धरणाकडे निघते. माळावर पट्टा सोडला की हा उधळतो, आणि लगेच टिटवी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळू लागते.

तिचं बरोबरच आहे. टिटवी घरटं विणत नाही; खड्यांतल्या उथळ खळग्यात, खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते, बहुधा चार. डोळ्यांनी शोधणारा फसतो. कुत्रा शोधतो नाकाने. समजा, त्याला अंडी सापडलीच नाहीत, तरी टिटवी उठलेली असते. ग्वाल्हेरचा मे 45 अंशांवर जातो. एरवी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. ती हवेत ओरडत असताना अंड्यांवर सावली कोण धरणार?

मग पट्टा बांधला की झालं? नाही. सिडनीजवळच्या रानात पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी हेच तपासलं (2007). पट्ट्यातला कुत्रा वाटेने गेला की पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी घटली. एकट्या माणसाने झालेली घट निम्म्याहूनही कमी. आणि जिथे कुत्री रोज फिरत, तिथल्या पक्ष्यांनाही त्यांची सवय झालेली नव्हती! पक्ष्यांच्या लेखी आमचा लाडोबा म्हणजे दोरी बांधलेला कोल्हाच.

न दिसणारी गाठभेट याहून वाईट. कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या विषाणूने 1994 मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. 2018 मध्ये तो गीरमध्येही सापडला. आमच्या शेजारच्या कुनोत चित्ते आणताना भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचली, ती उगीच नाही.

पारडं उलटंही झुकतं. अकोल्याच्या (अहिल्यानगरचं अकोले, विदर्भातलं नव्हे) शेतांतल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केला. वजनाच्या हिशेबाने बिबट्यांच्या खाण्यात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिन्हीसांजेला झुडपाकडे बघून भुंकत सुटलेला कुत्रा घाबरला की पळत येतो तो मालकाकडेच, मागे जे काही लागलं असेल ते घेऊन.

आता लस चुकत नाही, ऊन कलण्याआधी आम्ही परततो, उन्हाळ्यात पट्टा हातातून सुटत नाही. टिटवी तरी ओरडतेच.